रेषेतली देवी

(दृश्य : तांब्याचा पत्रा. कर्कटकाचं टोक टेकतं. पहिलं वर्तुळ पूर्ण होतं.)

श्रीयंत्र काढायला बसलं की सुरुवात सोपी वाटते. एक वर्तुळ, त्याचा उभा व्यास, व्यासावर मोजून घेतलेल्या खुणा आणि त्या खुणांमधून जाणाऱ्या आडव्या रेषा. मग त्रिकोण येतात. पाचांची टोकं खाली, ते शक्तीचे. चारांची टोकं वर, ते शिवाचे. आणि इथे हात अडखळतो.

कारण हे नऊ त्रिकोण एकमेकांवर नुसते ठेवायचे नसतात. एकाचं टोक दुसऱ्याच्या पायाला नेमकं टेकायला हवं. पुष्कळ जागी तीन-तीन रेषा एकाच ठिकाणी मिळायला हव्यात. अशा जागेला मर्म म्हणतात. जिथे दोनच रेषा छेदतात, ती संधी. एक आडवी रेषा केसभर खाली सरकवावी, तर इथलं मर्म जुळतं आणि पलीकडचं सुटतं. ते सांधावं, तर तिसरं उघडं पडतं. सगळ्या रेषा एकमेकींच्या शब्दाला बांधलेल्या आहेत.

आकृती साधली, तर या नऊ त्रिकोणांच्या छेदांतून त्रेचाळीस लहान त्रिकोण तयार होतात. बाहेरून आत मोजत यावं : चौदा, मग दहा, पुन्हा दहा, मग आठ, आणि मधोमध एक. त्याच्या पोटात बिंदू. त्रिकोणांभोवती आठ पाकळ्यांचं कमळ, त्याभोवती सोळा पाकळ्यांचं, मग तीन वलयं, आणि सगळ्यांत बाहेर तीन रेषांचा चौकोन. चार दिशांना चार दारं असलेला. त्याला भूपूर म्हणतात. हे सगळं मोजमाप ‘सौंदर्यलहरी’च्या अकराव्या श्लोकात चार ओळींत बसवलेलं आहे. परंपरा हे स्तोत्र आद्य शंकराचार्यांचं मानते.

(दृश्य : बाजारातल्या छापील प्रतिमा, एकामागून एक.)

आज श्रीयंत्र कुठेही मिळतं. पितळेचं, स्फटिकाचं, पाकिटात ठेवायला प्लास्टिकचं. जवळ जाऊन पाहिलं, तर बऱ्याच छापील यंत्रांत मर्म जुळलेली नसतात. रेषा कुठेतरी एकमेकींना चुकवून पुढे निघून गेलेल्या असतात. धनलाभ होईल म्हणून ते विकलं जातं आणि भिंतीवर टांगलं जातं. याची खंत वाटते. कारण भिंतीवर टांगून लांबून बघण्यासाठी ही आकृती कुणी काढली नव्हती. तिच्यात शिरायचं असतं. म्हणून तर तिला दारं आहेत.

(दृश्य : तांब्याच्या यंत्रावर कुंकवाची चिमूट. हात बाहेरच्या चौकोनाकडून आत सरकतो.)

या शिरण्याला नवावरण पूजा म्हणतात. नऊ आवरणं, म्हणजे नऊ वेढे, ओलांडत आत जायचं. पहिलं आवरण भूपुराचं, त्याचं नाव त्रैलोक्यमोहन. तिथे तीन रेषांवर अणिमादी सिद्धी, ब्राह्मी-माहेश्वरी या मातृका आणि मुद्रादेवता बसलेल्या. प्रत्येकीचं नाव घ्यायचं, प्रत्येकीला अक्षता-कुंकू वाहायचं, मगच पुढे. सोळा पाकळ्यांचं सर्वाशापरिपूरक. आठ पाकळ्यांचं सर्वसंक्षोभण. चौदा त्रिकोणांचं सर्वसौभाग्यदायक. मग सर्वार्थसाधक, सर्वरक्षाकर. आठ त्रिकोणांच्या सर्वरोगहर चक्रात वशिनी आणि तिच्या सख्या, वाणीच्या आठ देवता. ललितासहस्रनाम याच आठजणींनी प्रथम उच्चारलं, अशी श्रद्धा आहे. त्यानंतरचा एकटा त्रिकोण सर्वसिद्धिप्रद. आणि बिंदूचं नाव सर्वानंदमय. तिथे ललिता महात्रिपुरसुंदरी.

घाईने हात थेट मध्यावर नेता येत नाही. पूजेचा सगळा वेळ वाटेतच जातो, आणि तो तसाच जायचा असतो. बाहेरून आत येण्याच्या या क्रमाला संहारक्रम म्हणतात. बिंदूपासून बाहेर पसरत जाण्याला सृष्टिक्रम. एकाच आकृतीत जग मांडायचंही आणि आवरून घ्यायचंही.

(दृश्य : कांचीपुरमची गोपुरं. गर्दीची रांग.)

कांचीपुरमला कामाक्षी पद्मासनात बसलेली आहे. हातांत पाश, अंकुश, उसाचं धनुष्य आणि फुलांचे बाण. दर्शनाला आलेला माणूस तिच्या चेहऱ्याकडे बघतो. पण अर्चनेचं कुंकू पडतं ते तिच्या पुढ्यात स्थापन केलेल्या श्रीचक्रावर, म्हणजे श्रीयंत्रावरच. मूर्ती आणि आकृती तिथे शेजारी-शेजारी आहेत, आणि दोन्हींत देवी एकच आहे.

तिथून दक्षिणेला कावेरीच्या खोऱ्यात तिरुवारूर. इथल्या कमलांबा देवीसाठी कर्नाटक संगीतातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितार यांनी नऊ आवरणांच्या नऊ कृती, म्हणजे गीतं, रचली. सुरुवातीला ध्यानाची एक, शेवटी मंगलाची एक, अशा एकूण अकरा. दीक्षितारांचा काळ १७७५ ते १८३५. प्रत्येक कृतीत त्या-त्या चक्राचं नाव गुंफलेलं आहे. पहिली आनंदभैरवीत, पुढे कल्याणी, शंकराभरणम्, कांबोजी असे राग बदलत जातात. रचनेतली आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकात शिकवावी इतकी सुंदर आहे. पहिल्या आठ कृतींत कमलांबेचं नाव ओळीने एकेका विभक्तीत येतं. नववी कृती बिंदूची, आहिरी रागातली. तिच्यात साऱ्या विभक्ती एकत्र येतात. यंत्रात सगळे वेढे ओलांडून जिथे पोचायचं असतं, तिथे व्याकरणही येऊन पोचतं. नवरात्रात या कृती दररोज एकेक आवरण अशा गातात. यंत्र डोळ्यांसमोर नसलं तरी ऐकणारा आत सरकत राहतो.

(दृश्य : केरळमधल्या देवळाचा मंडप. जमिनीवर वाकलेले हात. चिमटीतून सुटणारी पूड.)

तांब्यावर कोरलेली रेषा टिकते. केरळमधल्या भगवतीच्या देवळांत मात्र रेषा एका रात्रीपुरती असते.

कळमेळुत्तु म्हणजे जमिनीवर रंगीत पुडींनी देवी रेखाटणं. कुरुप आणि अशाच काही समाजांकडे ही कला पिढ्यान् पिढ्या आहे. रंग पाचच. पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ, काळ्यासाठी जाळलेला भाताचा तूस, हिरव्यासाठी वाळवलेल्या पाल्याची पूड, पिवळ्यासाठी हळद. आणि लाल? हळदीत चुना मिसळून. आपल्याकडे कुंकवाची जुनी कृतीही हीच.

आधी मधला सरळ अक्ष धरतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी भद्रकाली फुलत जाते. विस्फारलेले डोळे, सुळे, हातांत आयुधं, आणि तिने मारलेल्या दारिकासुराचं मस्तक. पूड अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून सोडतात. ओघ कमी-जास्त करून बारीक रेघही निघते आणि भरीव पट्टाही. वक्षाच्या जागी धान्याचे उंचवटे करतात, त्यामुळे सपाट जमिनीवर देवीला उभार येतो. तासन् तास हे काम चालतं.

मग दिवे लागतात, पूजा होते, गाणी सुरू होतात. अखेरीस वेळिच्चप्पाड, म्हणजे अंगात देवी आलेला भगत, त्या आकृतीवर नाचतो आणि ती पुसून टाकतो. उरलेली रंगीत पूड लोक प्रसाद म्हणून घेऊन जातात. कळम मोडलं असं तिथे कुणाला वाटत नाही. पुसल्याशिवाय ते पूर्णच झालेलं नसतं. मुडियेट्टु या काली-दारिकाच्या नाट्यविधीचा आरंभही अशाच कळमाने होतो. २०१० साली युनेस्कोने मुडियेट्टुला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

(दृश्य : घरातला पाट. धान्य पसरणारे गोंधळ्याचे हात. संबळाचा पहिला ठोका.)

महाराष्ट्रात देवीची मांडणी घरात येते. लग्नकार्यानंतर गोंधळ घातला जातो, तेव्हा गोंधळी आधी चौक भरतात. पाटावर कापड, त्यावर धान्य, धान्यावर कलश, कलशावर नारळ. दिवटी पेटते, संबळ वाजतो, आणि तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, एकेकीला नाव घेऊन त्या चौकात बोलावलं जातं. जागा आधी आखायची, मग बोलवायचं. नवावरण पूजेतला क्रम इथे संस्कृत मंत्रांविना चालू आहे. घटस्थापनेत मातीच्या मधोमध घट ठेवून भोवती धान्य पेरणारी बाई, चैत्रात अंगणात चैत्रांगण काढून त्यात सूर्य, चंद्र, शंख, कासव, गोपद्म आणि गौरीचा पाळणा बसवणारी बाई, या दोघीही हेच करत असतात. या बायकांना भूमिती जाणणाऱ्या म्हणून कुणी ओळखलं नाही. त्यांच्या हातांनी ती सांभाळली, एवढं तरी मान्य करायला हवं.

(दृश्य : कोल्हापूर. अंबाबाई मंदिराचं वरून दिसणारं दृश्य.)

आता कोल्हापूर. इथे आकृती आणखी मोठी होते.

अंबाबाईचं मंदिर तारकाकृती आहे. दख्खनमधल्या अशा मंदिरांच्या आराखड्याचं सूत्र साधं आहे : एक चौरस आपल्याच मध्याभोवती थोडा-थोडा फिरवायचा आणि बाहेर येणारे कोपरे जोडायचे. भिंत मग सरळ राहत नाही, ती घड्या घेत जाते. प्रदक्षिणा घालताना दर चार पावलांवर नवा कोपरा, नवी सावली, नवं शिल्प. बाहेरच्या भिंतींवर चौसष्ट योगिनी आहेत. (ओडिशात हिरापूरला याच योगिनींसाठी वर्तुळाकार, छत नसलेलं मंदिर बांधलं आहे. ते १९५३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आलं.) कोल्हापूरच्या मंदिरात एका भिंतीवर दगडात कोरलेलं श्रीयंत्रही आहे.

(दृश्य : संध्याकाळ. महाद्वारातून येणारी तिरपी किरणं.)

अंबाबाईचं तोंड पश्चिमेला आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतात. हा किरणोत्सव. रूढ सांगण्यानुसार पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखावर.

या तारखा अशा का? २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडच्या टोकाला असतो. १० नोव्हेंबर त्याच्या सुमारे एकेचाळीस दिवस आधी, १ फेब्रुवारी जवळपास तेवढेच दिवस नंतर. म्हणजे दक्षिणेकडे जाताना आणि परतताना, सूर्य दोन्ही वेळा आकाशातल्या त्याच पट्ट्यात असतो. कोल्हापुरातून पाहिलं तर या दिवसांत तो नेमक्या पश्चिमेच्या साधारण सतरा-अठरा अंश दक्षिणेला मावळतो. किरण गाभाऱ्यापर्यंत पोचण्याची वाट त्या दिशेला मोकळी आहे. रोज सूर्य पाव अंशाहून थोडा जास्त सरकतो. दोन दिवसांत साधारण स्वतःच्या बिंबाएवढा. इतक्या अरुंद वाटेत तो फार दिवस कसा राहील?

आणि किरणं खालून वर का चढतात? सूर्य जसजसा खाली उतरतो, तसतसा किरण आडवा होत जातो. वरच्या तुळईखालून आत शिरणारा तिरका किरण आधी जमिनीवर पडतो. तो आडवा झाला की आणखी आत आणि आणखी वर पोचतो. म्हणून प्रकाशाचा प्रवास टप्प्याटप्प्याने बोलून दाखवता येतो, आणि कोल्हापूरकर तो तसाच बोलतात : गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरठा, चांदीचा उंबरठा, चरण, गुडघे, कंबर, खांदे, चेहरा. बाहेरून आत, एकेक वेढा ओलांडत. इथे पुजाऱ्याच्या हाताच्या जागी सूर्य आहे, एवढाच फरक. मुखावर किरण आले की घंटा वाजतात, आरती होते, सबंध मंडपातून ‘अंबा माता की जय’ उठतं.

(दृश्य : नवरात्र. टेंबलाईची टेकडी. पालखी.)

नवरात्रात देवी स्वतः आपल्या चौकटीबाहेर पडते. ललितापंचमीला पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या भेटीला जाते. कोल्हासुराच्या वधानंतर रुसून बसलेल्या सखीची समजूत काढायला, अशी कथा आहे. तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडींसाठी झुंबड उडते. अष्टमीला नगरप्रदक्षिणा. त्या रात्री सगळं गावच देवळाचा बाहेरचा वेढा होतं.

(दृश्य : महाद्वाराच्या दिशेने बाहेर पाहणारा कॅमेरा. इमारती, तारा, झाडं.)

गाव वेढा आहे, ही गोष्ट किरणोत्सवात शब्दशः खरी ठरते. मंदिरातून पश्चिमेकडे जाणारी रेषा महाद्वारापाशी संपत नाही. ती रस्त्यावरून, घरांच्या छपरांवरून क्षितिजापर्यंत जाते. तिच्यात कुठे मजला वाढला, गच्चीवर टाकी चढली, झाडाची फांदी आडवी आली, की किरण कमरेपर्यंत येऊन लुप्त होतात. ढग, धूळ आणि हवेतला दमटपणा आपल्या हातात नाही. मजले आणि टाक्या आहेत. किरणांच्या वाटेतले अडथळे मोजले गेले आहेत, काही काढलेही गेले आहेत. ज्या कारागिरांनी ही रेषा धरली, त्यांना क्षितिज मोकळं मिळालं होतं. आज त्या रेषेवर राहणाऱ्या प्रत्येक घराची उंची ठरवताना नगररचनेच्या नकाशावर ही एक रेघ ठळक आखलेली हवी, आणि बांधकामाची परवानगी देणाऱ्याने आधी तिच्याकडे बघायला हवं.