‘स्वखुशीने’ या शब्दाविषयी

मित्रहो, विद्यापीठाच्या आस्थापना विभागात माझी 31 वर्षे गेली. स्वेच्छानिवृत्तीच्या कितीतरी अर्जांवर मी टिपणी लिहिली आणि त्या बहुतेक अर्जांत एक वाक्य हमखास असे : ‘मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाविना सेवानिवृत्त होत आहे.’ आज मला या एका वाक्याविषयीच बोलायचे आहे, कारण पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याकडून ते कसे लिहून घेतले जाते हे मी जवळून पाहिले आहे.

परीक्षा विभागातील एक वरिष्ठ लिपिक बाई माझ्याकडे अर्ज घेऊन आल्या तेव्हा त्यांचे वय 54 होते. अर्ज संगणकावर तयार केलेला होता; नावाची जागा कोरी, तारखेची जागा कोरी आणि ते वाक्य मात्र आधीच छापलेले. “साहेब, मजकूर माझा नाही, सही तेवढी माझी हवी आहे,” असे त्या म्हणाल्या. आधीच्या सहा महिन्यांत त्यांचे टेबल तीनदा हलवले गेले होते. नव्या ऑनलाइन प्रणालीचे प्रशिक्षण त्यांच्यामागून रुजू झालेल्यांना मिळाले, त्यांना मिळाले नाही, आणि मग ‘प्रणाली हाताळता येत नाही’ असा शेरा त्यांच्या गोपनीय अहवालात आला. कोणी आवाज चढवला नाही, कोणी धमकी दिली नाही, फक्त दर सोमवारी “मग काय ठरवलंत?” असे विचारले जाई. मी तो अर्ज नियमाप्रमाणे पुढे पाठवला. कागदात काही खोट नव्हती, आणि म्हणूनच त्याची बोच मला आजही आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधील नियम 66 प्रमाणे 20 वर्षे अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी, सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन निवृत्त होता येते. ही सोय कर्मचाऱ्यासाठी आहे. कोणाला स्वतःचे आजारपण असते, कोणाला अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांचे करायचे असते, कोणाला आयुष्यात वेगळे काही करायचे असते. प्रशासनालाच माणूस नको असेल, तर त्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत. पण तिथे सेवेचे पुनर्विलोकन करावे लागते, कारणे नोंदवावी लागतात आणि उद्या न्यायालयात त्यांचे उत्तरही द्यावे लागते. तो रस्ता अवघड म्हणून कर्मचाऱ्याच्या हक्काचा नियम त्याच्याच गळ्यात अडकवला जातो.

सही करण्याआधी हिशेब मांडायला कोणी सांगत नाही, म्हणून तो इथे थोडक्यात मांडतो. जुनी पेन्शन लागू असलेल्या आणि 60 हजार मूळ वेतन असलेल्या लिपिकाने 58 ऐवजी 54 व्या वर्षी नोकरी सोडली, तर तीन टक्क्यांच्या चार वेतनवाढी बुडतात. त्या मिळाल्या असत्या तर मूळ वेतन साधारण 67,500 झाले असते. पेन्शन त्याच्या निम्मी धरली, तर दरमहा सुमारे 3,750 रुपयांचा आणि त्यावरील महागाई भत्त्याचा फरक जन्मभराचा होतो. शिवाय त्या चार वर्षांत पगाराऐवजी अर्धीच रक्कम हाती येते, आणि नेमके त्याच काळात मुलांची शिक्षणे चालू असतात. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांचे गणित निराळे आहे. त्यांनी ते स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय पेन उचलू नये.

आता त्या युक्तिवादाकडे येतो, ज्यापुढे आपली माणसे सर्वांत लवकर नमतात : “तरुणांना जागा द्या.” शिकलेली मुले बेकार असताना आपण खुर्ची अडवून बसलो आहोत, ही भावना प्रामाणिक माणसाला आतून पोखरते. ब्रिटनमध्ये 2011 साली सक्तीचे निवृत्तिवय सर्वसाधारणपणे रद्द झाले, तरी ऑक्सफर्ड विद्यापीठाने 67 वर्षांची मर्यादा ठेवली, आणि नव्या पिढीसाठी जागा मोकळ्या होणे हे त्याचे एक प्रमुख कारण सांगितले. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पॉल युअर्ट यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा या सक्तीमुळे रिक्त जागांत पडणारी भर अवघी 2 ते 4 टक्के असल्याचे पुढे आले आणि न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच विद्यापीठातील इंग्रजी साहित्याचे एक अध्यापक तशाच दाव्यात हरले आणि 2021 साली अपिलात दोन्ही निकाल कायम राहिले, हेही सांगितले पाहिजे. प्रश्न तिथेही पुरता सुटलेला नाही.

मात्र तिथे रिकामी झालेली जागा निदान भरली जाईल, असे गृहीत धरून वाद चालला होता. आपल्याकडे ते गृहीत धरता येते का? अध्यापक गेला की त्याचे तास तासिका तत्त्वावर वाटले जातात. लिपिक गेला की आकृतिबंधाचे, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याचे, कारण सांगून पद रिक्त ठेवले जाते आणि काम कंत्राटी मुलांवर येते. त्या बाईंच्या जागेवर कोणाही तरुणाची कायम नेमणूक झाली नाही. दोन कंत्राटी मुले आली. जुन्या गुणपत्रकाची दुरुस्ती निघाली की ती बाईंना घरी फोन करीत, कारण जुन्या गुणनोंदवह्या कोणत्या कपाटात आहेत हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. तरुणांच्या नावाने ज्येष्ठाला उठवायचे आणि तरुणालाही बसू द्यायचे नाही, याला मी दोघांचीही फसवणूक म्हणतो.

ज्यांनी सही करून दिली आहे, त्यांनाही एक सांगायचे आहे. निवृत्तीच्या ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज मागे घेता येतो; त्याला नियुक्ती प्राधिकाऱ्याची मान्यता लागते, पण ती मनमानीने नाकारता येत नाही. बलराम गुप्ता विरुद्ध भारत सरकार या 1987 च्या खटल्यात एका लेखापालाने केंद्राच्या तशाच नियमाखाली दिलेली नोटीस मुदतीच्या आत मागे घेतली होती. सरकारने ती मागे घेऊ दिली नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणून तोंडी विनंती करू नका. माघारीचा अर्ज चार ओळींचा असतो. तो आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. सभा संपल्यावर मी इथेच बसणार आहे. ज्यांचे तीन महिने अजून पुरे झालेले नाहीत, त्यांनी नोटिशीची प्रत घेऊन यावे. अर्ज आजच लिहू.