शंभर पावलं पुरत नाहीत

(ज्येष्ठ नागरिक संघातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सकाळी फिरायला कोण कोण जातं, हात वर करा बघू. वा, निम्मा हॉल! आणि रात्री जेवल्यावर? चार. पुढच्या रांगेतल्या काकूंनी अर्धाच हात वर केलाय, तो मी धरत नाही.

माझ्याकडे येणारे बरेचसे पेशंट मधुमेहाचे. त्यांचं ठरलेलं गाऱ्हाणं असं, ‘डॉक्टर, रोज पहाटे तासभर चालतो, तरी जेवणानंतरची शुगर 210 कशी?’ मी विचारते, चालून आल्यावर काय करता? पेपर, चहा, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी मालिका. म्हणजे एक तास सोडला तर पाय दिवसभर रजेवर.

इन्सुलिन म्हणजे पेशीचं दार उघडणारी किल्ली, हे ऐकून तुमचे कान किटले असतील. टाइप टू मधुमेहात कुलूप गंजलेलं असतं, किल्ली नीट फिरत नाही. पण स्नायू कामाला लागला की तो किल्लीची वाट बघत बसत नाही. साखर आत ओढणारी वाहक प्रथिनं एरवी पेशीच्या पोटात पडून असतात. स्नायू आकुंचन पावला की ती आपणहून पृष्ठभागावर येतात. हे मागचं दार व्यायाम थांबल्यावर काही तासांत मिटतं. व्यायामानं गंजलेल्या कुलपाला लागलेलं तेल मात्र एक-दोन दिवस टिकतं, म्हणजे तेवढे दिवस इन्सुलिनची किल्ली जरा सहज फिरते, म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. आमचे वारकरी पेशंट म्हणतात, ‘आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चाललो की!’ त्याचं पुण्य वर्षभर पुरत असेल, साखरेला ते आठवडाभरही पुरत नाही.

आता वेळेचं बघू. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये टाइप टू मधुमेहाच्या 41 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना काही दिवस सांगितलं, रोज 30 मिनिटं केव्हाही चाला. काही दिवस सांगितलं, तिन्ही जेवणांनंतर 10-10 मिनिटं चाला. मिनिटं तेवढीच. पण दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्क्यांनी. आपल्याकडे शतपावली होतीच की, असं तुम्ही म्हणणार. होती. मी आमच्या गॅलरीत घड्याळ लावून मोजलं, शंभर पावलं एका मिनिटात संपतात. तेव्हा एक नाही, दहा शतपावल्या घाला. पहाटेचं फिरणं सोडू नका, आठवड्याला निदान 150 मिनिटं चालायला आम्ही सांगतो, ती भरायला ते लागतंच. वेग असा ठेवा की शेजारच्याशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

‘मी तर काटकुळा, मला कशाला व्यायाम?’ पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! काटा तेवढंच वजन दाखवतो, आत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. साखर रिचवायची जागाच लहान म्हटल्यावर नुसतं चालून भागत नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला एवढं बास.

ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांची साखर चालताना फार खाली जाऊ शकते, त्यांनी खिशात साखर ठेवायचीच. घाम फुटला, हात थरथरले, की ‘घरी जाऊन बघू’ म्हणायचं नाही. जागेवर बसायचं आणि तीन चमचे साखर तोंडात टाकायची.

चालण्याचा सल्ला तसा जुनाच आहे. प्रमेहाच्या, म्हणजे ज्यात मधुमेह येतो त्या विकारांच्या चिकित्सेत आयुर्वेदातली सुश्रुतसंहिता सांगते की निर्धनानं मुनीसारखं राहावं, एका गावात एकच रात्र काढावी आणि शंभर योजनं किंवा त्याहून जास्त चालावं. मला हे फार आवडतं. पण त्याच वाक्यात पादत्राणं आणि छत्रीशिवाय असंही आहे. तेवढं कृपा करून सोडून द्या.

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू जाते. चप्पल पायातून निसटते आणि मागून कोणीतरी ‘आजोबा, चप्पल!’ म्हणून ओरडल्यावर कळतं. भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा होते, फोड दिसतो दुसऱ्या दिवशी. म्हणून बूट घालायच्या आधी उलटा करून आपटा, आत हात फिरवून बघा. रोज. एका काकांच्या बुटातून मी नातवाच्या खेळण्यातल्या मोटारीचं चाक काढलंय. तळव्यावर त्याचा गोल ठसा उमटला होता. दोन दिवस ते त्याच्यावरूनच चालत होते, रोज नेमानं चाळीस मिनिटं.