राजापूर बंधाऱ्याच्या पुढे

(दृश्य: राधानगरी धरण, उघडलेला दरवाजा)

राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी भोगावतीच्या पात्रात पडू लागते. दरवाजा उघडल्याची बातमी मिळताच खालच्या गावांतील अनुभवी माणसे पाणी आपल्या शिवेवर कधी पोहोचेल याचा अंदाज बांधू लागतात.

(दृश्य: प्रयाग चिखलीचा संगम, नंतर राजाराम बंधाऱ्यावरील फूटपट्टी)

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येते आणि तिथून पंचगंगा सुरू होते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर तिची पातळी मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातील लहान मुलांनाही हे दोन आकडे पाठ असतात.

(दृश्य: नृसिंहवाडी, दत्त मंदिरात शिरलेले पाणी)

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. मंदिरात शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी गर्दी करतात. मात्र याच ठिकाणी पुराचे खरे गणितही उलगडते. कऱ्हाडला कोयनेचे आणि हरिपूरला वारणेचे पाणी घेऊन कृष्णा इथे येते. ती भरून वाहत असली, तर संथ उताराच्या आणि वळणावळणाच्या पंचगंगेला पुढे जायला वाट मिळत नाही. पाण्याला फूग येते आणि ते मागे मागे सरकत शिरोळ तालुक्यातील शेतांत, मग गावांत पसरते. पाऊस थांबून ऊन पडले तरी पाणी अनेक दिवस हलत नाही, त्याचे एक मोठे कारण ही फूग आहे.

(दृश्य: राजापूर बंधारा, पलीकडे उसाचे फड)

राजापूर हा कृष्णेवरील महाराष्ट्राचा शेवटचा बंधारा. इथून थोड्याच अंतरावर, कोपेश्वराच्या खिद्रापूरला, अलीकडचा काठ महाराष्ट्राचा आणि पलीकडच्या जुगूळचा काठ कर्नाटकाचा होतो. दोन्ही काठांवर मराठी आणि कन्नड बोलली जाते, दोन्हीकडे ऊसच उभा असतो आणि पूरही एकच येतो. त्याची माहिती मात्र दोन वेगळ्या प्रशासनांकडून, दोन वेगळ्या वेळी येते.

पाण्याची भीती दोन्ही बाजूंना आहे. काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढला की दूधगंगेच्या काठची कर्नाटकातील गावे धास्तावतात आणि कृष्णेवर पुढे कर्नाटकात असलेल्या हिप्परगी बंधारा व अलमट्टी धरण यांची पातळी वाढली की पाणी मागे तुंबेल या भीतीने शिरोळ आणि सांगली अस्वस्थ होतात. २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. नदीकाठच्या अनेकांना ते आजही मान्य नाही. हा वाद तज्ज्ञांनी मोजमापांनिशी सोडवावा. आमचे म्हणणे एवढेच की, ही मोजमापे दोन्ही काठांवरच्या माणसांसमोर एकाच वेळी आली पाहिजेत.

(दृश्य: ऑगस्ट २०१९, आयर्विन पूल, बंद पडलेला महामार्ग, ब्रह्मनाळ)

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली, पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि ब्रह्मनाळमध्ये पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून माणसे बुडाली.

(दृश्य: काहिलीतून पाणी ओलांडणारे गावकरी, ट्रॉलीत चढवली जाणारी जनावरे)

सरकारी बोट येईपर्यंत गाव काय करते, हे या दृश्यांत दिसते. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवण्यासाठी वापरतात ती मोठी काहील पुरात होडीचे काम करते. तिला सुकाणू नसते, वजन एका बाजूला गेले की ती कलंडते. म्हणून आधी कोणी बसायचे, कोणी कुठे बसायचे आणि दोर कोणी धरायचा, हे जुनीजाणती माणसे ठरवतात. हे कसब कौतुकास्पद आहेच, पण माणसांचे प्राण काहिलीच्या भरवशावर सोडणे योग्य नाही. जनावरांचा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. दावणीच्या म्हशी मागे ठेवून घर सोडायला शेतकरी तयार होत नाही, म्हणून जनावरे आधी आणि माणसे नंतर हलवण्याचा क्रम अनेक गावांनी स्वतःच लावून घेतला. २०१९ चा अनुभव गाठीशी असल्याने जुलै २०२१ मध्ये पाणी उंबऱ्याला लागण्याची वाट न पाहता अनेक कुटुंबे बाहेर पडली. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५६ फुटांपर्यंत गेली होती.

(दृश्य: पूर नियंत्रण कक्ष, भिंतीवरील नकाशा)

त्याच वर्षी जून महिन्यात महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी बंगळूरला जाऊन कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांची भेट घेतली आणि पूरकाळात पाण्याची माहिती एकमेकांना देण्यावर सहमती झाली. सीमाप्रश्नावर परस्परांविरुद्ध न्यायालयात उभी असलेली दोन राज्ये पुरासाठी एकत्र बसली, याचे महत्त्व मोठे आहे. मात्र मंत्र्यांमधील समन्वय मंत्री बदलले की सैल पडू शकतो. त्यासाठी कायमस्वरूपी संयुक्त कक्ष हवा, आणि त्याची माहिती मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत शिरोळ, निपाणी, चिक्कोडी आणि कागवाड या तालुक्यांच्या ग्रामपंचायतींपर्यंत तासातासाला पोहोचायला हवी. बचावाच्या बोटीला परवानगीसाठी राज्याच्या सीमेवर थांबावे लागू नये, असा आदेशही आधीच निघालेला असावा.

(दृश्य: अलमट्टी धरण)

अलमट्टीची पूर्ण संचय पातळी, म्हणजे पाणी साठवण्याची कमाल पातळी, ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्यास राज्यांमधील कृष्णेच्या पाणीवाटपाचा वाद सोडवणाऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० च्या निवाड्यात मान्यता दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. तो वाद कधीही मिटो. राजापूर, हिप्परगी आणि अलमट्टी येथील पातळ्या एकाच फलकावर दाखवण्यासाठी त्याच्या निकालाची गरज नाही. हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी, १ जूनच्या आत पूर्ण व्हावे, अशी दोन्ही राज्यांच्या जलसंपदा विभागांकडे मागणी आहे.