आधी चेनकव्हर, मग सायकल

(दृश्य : रस्त्याकडेला लावलेल्या काळ्या सायकली. कॅमेरा खाली, पायडलच्या उंचीवर.)

जुनी सायकल ओळखायची असेल तर बिल्ला शोधू नका. बिल्ला कधीच कुणीतरी उचकटलेला असतो. रंगावर जाऊ नका, तो तीन-चारदा बदललेला असतो. चेनव्हील बघा, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चाक.

त्यात उघडा पंजा दिसला तर ती रज कंपनीची. पाच माणसांच्या आकृत्या दिसल्या तर हंबर. बगळ्याची डोकी असली तर रॅले. बी, एस आणि ए ही अक्षरं धातूतच कापलेली असली तर बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. हा मुळात बंदुकांचा कारखाना, म्हणून त्यांच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतात. सायकल शेजारून गेली तरी नाव वाचता यावं, अशी ही इंग्रज कारखानदारांची फुकटातली जाहिरात. कारखाने बंद झाले, जाहिरात अजून फिरतेय.

काही माणसांना हे चेनव्हील बघायची सवय जडते. चालू रिक्षातून बघतात, लग्नाच्या वरातीत बघतात. दूधवाला कॅन लावून पुढे गेला की यांची मान त्याच्यामागं वळते.

(दृश्य : फ्लॅटचा पॅसेज. भिंतीला टेकून सायकली. एक माणूस अंग चोरून आत जातो.)

आपल्या फिल्ममधले गृहस्थ पुण्याचे, जुन्या इंग्रजी सायकली जमवणारे. नाव सांगायचं नाही, ही त्यांची अट. तत्त्वाबित्त्वाचा प्रश्न नाही. नाव कळलं की भंगारवाले भाव वाढवतात, एवढंच.

पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं. ऑफिसं सुटली की रस्ताभर घंट्या. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा लागायचा, आणि डबलसीट दिसली की पोलीस हात करायचा. पुढे लुना आली, स्कूटर आली. सायकल जिन्याखाली गेली आणि तिथंच राहिली. मग वाडे पाडायला निघाले, तेव्हा बंब, पितळी हंडे आणि दगडी पाट्यांबरोबर त्या सायकलीही बाहेर आल्या. बंबाला गिऱ्हाईक होतं. सायकल किलोवर जायची.

या गृहस्थांची पहिली रॅले अशाच एका जिन्याखालची. सगळी होती, फक्त चेनकव्हर नव्हतं.

दुसरी सायकल त्या चेनकव्हरसाठी घेतली. घरी आणून धुतली, तर चेनव्हीलमध्ये पाच माणसं! हंबर. पुढचा चिमटा दोन्ही बाजूंना जोडनळीचा, ही हंबरची खूण. रॅलेनं हंबरचा सायकलधंदा 1932 मध्येच विकत घेतलेला. 1943 मध्ये रज घेतली, 1957 मध्ये बीएसएच्या सायकली. त्यामुळे या नंतरच्या काळातल्या बऱ्याच सायकली नात्यातल्याच, आणि काही भाग एकमेकींना लागतात. आता हंबरचं चेनकव्हर काढून रॅलेला लावायचं की नाही? लावलं तर हंबर उघडी पडते. मग तिसरी आली.

इथवर छंद म्हणता येईल. पण एका रविवारी हे जुन्या बाजारातून सनबीमचं चेनकेस घेऊन आले. सनबीम इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टनची. तिची चेन पूर्ण बंद पेटीत, तेलात न्हात फिरायची. धूळ नाही, चिखल नाही, कपड्यांना काळं नाही. संग्राहकांच्या जगात तिचा मान मोठा. चेनकेस उत्तम स्थितीत होतं. सायकल मात्र नव्हती. यांच्याकडे नव्हती आणि विकणाऱ्याकडेही नव्हती.

माझ्या मते वेड इथं सुरू होतं. चौथ्या, दहाव्या किंवा पन्नासाव्या सायकलीला नाही. जिची सायकलच घरात नाही, अशी पहिली वस्तू घरात येते तेव्हा.

(दृश्य : कामाचं टेबल. कानस, रॉकेलची वाटी, छर्रे. वयस्क मिस्त्री क्रँकवर वाकलेले.)

आता काम कसं चालतं ते बघू.

क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, निघत नाही, ही सुरुवात. जुन्या सायकलीत क्रँक आणि आस यांना धरून ठेवते ती कॉटर पिन. अनेक वर्षांच्या गंजानं ती जागच्या जागी चिकटलेली. घाईनं हातोडी मारली तर तीन गोष्टी होतात: पिन वाकते, क्रँक फाटते, किंवा आतल्या बेअरिंगच्या कपात छर्ऱ्यांचे ठसे उमटतात. तिसरी सर्वांत वाईट. ती दिसत नाही, पुढे पायडल मारताना पायाला कळते. म्हणून क्रँकखाली भक्कम आधार द्यायचा आणि रॉकेल सोडून थांबायचं.

मिस्त्री म्हणतात, “साहेब, हे हातोडीचं काम नाही. वाट बघायचं काम आहे.”

क्रँक निघाली, कप निघाला, आणि कळलं की कपाचे आटे गेलेत. दुकानातून नवा आणला. लागेना. इथं अनेक नवखे फसतात. इतर बहुतेक इंग्रजी सायकलींना बॉटम ब्रॅकेटवर, म्हणजे क्रँकचा आस बसतो त्या नळीला, इंचाला 24 आटे. रॅलेनं आपले 26 ठेवले. फरक डोळ्याला दिसत नाही. पान्याला थोडा जोर लावला की 24 आट्यांचा कप 26 आट्यांच्या फ्रेममध्ये सुरुवातीला जातोही, पण जाताना फ्रेमचे आटे खातो. सत्तर वर्षं टिकलेली फ्रेम पाच मिनिटांत गेली! रॅलेचा माल रॅलेलाच लागावा, ही त्या वेळची व्यापारी हुशारी. त्याची किंमत आज पुण्यातला एक निवृत्त माणूस मोजतोय.

उलट टायरची गंमत बघा. अठ्ठावीस दीडचा टायर आजही तालुक्याच्या दुकानात टांगलेला असतो. पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40, हा इंग्रजी हिशोबही आपल्या काळ्या सायकलींनी तसाच पुढे चालवला. त्यामुळे रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यातल्या रिमचा आऊट सांगोल्यातला मिस्त्रीही काढून देतो. सायकल चालती करणं अवघड नसतं. ती मूळची ठेवणं अवघड.

(दृश्य : मागचं चाक. हबवर भिंग धरलेलं. कोरलेली अक्षरं.)

सायकलीचं वय कसं ठरवायचं? विकणारा म्हणतो “ब्रिटिशकालीन”, आणि सांगायचं तेवढं सांगून झाल्यासारखा गप्प बसतो. पण मागच्या चाकाच्या मधोमध स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब असेल तर बोलणं सोपं होतं. 1950 च्या दशकातल्या हबवर मॉडेलचं नाव, वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. ए डब्ल्यू, 52, 7. म्हणजे जुलै 1952. ब्रिटिश जाऊन पाच वर्षं झालेली! अर्थात हे वय फक्त हबचं. चाक बदललेलं असू शकतं, म्हणून बाकीचे पुरावे जमवायचे. लखलखाट क्रोमचा आहे की निकेलचा? निकेलला पिवळसर ऊब असते. क्रोम सायकलींवर रुळला तो 1930 च्या आसपास. युद्धकाळातली सायकल असेल तर हँडल, रिम, ब्रेकच्या दांड्या, सगळंच काळं रंगवलेलं. धातू युद्धाकडे गेलेला.

युद्धाचा विषय निघालाच आहे तर बीएसएची घडीची सायकल बघायलाच हवी. छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली. फ्रेम मधोमध दुमडते आणि दोन मोठ्या पंखनटांनी आवळते. पायडलला रबर वगैरे काही नाही, नुसत्या नळ्या, त्याही आत सरकवता येतात. विमानातून टाकताना हँडल आणि सीट खाली, म्हणजे चाकांना मार लागू नये. अशा 60,000 हून अधिक सायकली निघाल्या. प्रत्यक्षात छत्रीबरोबर उतरल्या त्याहून कितीतरी जास्त बोटींतून उतरल्या. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाचे आणि ब्रिटनचे सैनिक याच सायकली खांद्यावर घेऊन पाण्यातून चालत गेले.

पुण्यात ती बघायची असेल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जा. आमच्या गृहस्थांकडे ती नाही. पंखनट मात्र आहेत. दोन.

(दृश्य : रंगाचा पोपडा ब्लेडनं उचलला जातो. खाली सोनेरी रेघ.)

आता भांडणाचा विषय. रंग.

दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सायकल कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. फ्रेम सँडब्लास्ट करा, ओव्हन पेंट मारा, रिम क्रोम करून आणा. दुसरा म्हणतो, हात लावू नका, फक्त गंज थांबवा. हे गृहस्थ पहिल्या पंथातून दुसऱ्यात आले, आणि धर्मांतर केलेल्या माणसाचा सगळा कडवेपणा त्यांच्यात आहे.

मीही दुसऱ्या बाजूचा. कारण सांगतो. या हिरव्या ऑइलपेंटखाली निळा थर आहे, त्याखाली कारखान्याचा काळा, आणि काळ्यावर हातानं ओढलेली सोनेरी दुहेरी रेघ. वरचे थर हळूहळू उतरवले तर ती रेघ मिळते. चेनकव्हरवर मालकाचं नाव असतं. कारण तेव्हा नाव रंगवून घ्यायची पद्धत होती. कुणी फ्रेमवर कोरून घ्यायचा. मागं जुन्या बिल्ल्याची तार असते. कॅरिअरला एका बाजूनं घासल्याची खूण, म्हणजे वर्षानुवर्षं काहीतरी त्याच बाजूला लटकत होतं. सँडब्लास्टिंगच्या वाळूला यातलं काही समजत नाही. दहा मिनिटांत सगळं साफ. मग उरते ती चकचकीत, हॉटेलच्या लॉबीत ठेवायची वस्तू. हॉटेलवालेच हल्ली त्या घेतात, आणि भाव बरा देतात. त्यांच्यासाठी नव्यानं ओतलेले पितळी बिल्लेही मिळतात. दोन स्क्रू फिरवले की झाली सायकल खानदानी.

(दृश्य : पहाट. दूधवाला. मागून स्कूटर.)

सायकल मिळवायचा एक मार्ग अजून आहे, आणि तो मला फारसा आवडत नाही. सांगली-मिरजेकडे, कोल्हापूरच्या आसपास, जुन्या इंग्रजी सायकली अजून कामावर दिसतात. दूध, वैरण, पिठाचे डबे. संग्राहक मागं जातो, थांबवतो, म्हणतो, “मामा, ही द्या, नवी कोरी घ्या. वर पैसे घ्या.” व्यवहार चोख. दोघंही खूश. पण त्या माणसाला ठाऊक नसतं की शहरात या सायकलीचं काय होतं, आणि सांगायची घाई संग्राहकालाही नसते.

सगळेच भुलतात असं नाही. एका मामांनी यांना रस्त्यातच सांगितलं, “नवीवर चाळीस लिटर लादून दाखव आधी.” हे गप्प परत आले. तीच सायकल यांना सर्वांत जास्त हवी आहे.

(दृश्य : कोपऱ्यात दोन सायकली. कॅमेरा बिल्ल्यावर.)

या कोपऱ्यातल्या दोघींबद्दल गृहस्थ बोलत नाहीत. बिल्ला रॅलेसारखाच, पण नॉटिंगहॅम नाही. ही सेन-रॅले, पश्चिम बंगालमधल्या आसनसोलची. स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या मालावर बंधनं आली, तेव्हा इंग्रजी कंपन्यांनी इथल्या भांडवलाशी हात मिळवले. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स निघाली, तिथून हर्क्युलिस आली. 1951 मध्ये सोनीपतला ॲटलस. त्यानंतर लुधियानाची हीरो. मास्तर, पोस्टमन, गिरणीतला कामगार यांना जन्मभर नेलं ते याच सायकलींनी. नॉटिंगहॅमची रॅले वकिलाकडे किंवा डॉक्टरकडे असायची.

पण संग्राहकाला “मेड इन इंग्लंड” हवं. आसनसोलची सायकल सुट्या भागांसाठी सोलली जाते आणि सांगाडा भंगारात जातो. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. 1950 च्या दशकातली ॲटलस आज सांभाळणारे किती सापडतील? मला वाटतं, पुढच्या पिढीचे वेडे हीच शोधत फिरतील, आणि आज सोललेल्या सांगाड्यांच्या नावानं आपल्याला शिव्या घालतील. गृहस्थांना हे ऐकवलं. ते म्हणाले, “जागा कुठंय?”

जागा खरंच नाही. बाल्कनी गेली. मग भावाच्या गावातल्या घराची पडवी गेली. ब्रूक्सच्या चामडी सीटा कपाटात, कारण पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि उन्हाळ्यात चामडं तडकतं. साड्या दुसऱ्या खोलीत.

(दृश्य : काकू. हातात चहाचा कप.)

काकूंना विचारलं, तुम्ही अडवत का नाही? त्या म्हणाल्या, “दारू पीत नाहीत, घरात असतात. आणि ते कार्बाइडच्या दिव्याचं खूळ मी बंद केलं ना.” लुकास कंपनीचा सायकलीचा जुना दिवा. वरून पाणी थेंब थेंब पडतं, खाली कार्बाइड, गॅस तयार होतो आणि पांढरी ज्योत पेटते. वासानं शेजारी दार वाजवायला आले होते.

किमतीचा विषय या घरात नाजूक आहे. प्रत्येक सायकलीच्या दोन किमती. एक दिलेली, एक घरी सांगितलेली. पहिली कुठंच लिहिलेली नाही.

आणि तीच आता अडचण झाली आहे. मुलगी परदेशात, तिला सायकलींत रस नाही आणि ती तसं स्पष्ट सांगते. उद्या हे सगळं विकायची वेळ आली तर रज कुठली आणि रजचं नुसतं चेनव्हील लावलेली हर्क्युलिस कुठली, हे घरात कुणाला सांगता येणार नाही. पहिला येणारा भंगारवाला सगळ्यांना एकच भाव लावेल. म्हणून काकूंनीच पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापल्या आणि दोऱ्यानं हँडलला बांधल्या. कुठून आणली, मूळ मालक कोण, कुठला भाग मूळचा, कुठला नंतर लावलेला. हे सांगतात, त्या लिहितात.

(दृश्य : चिठ्ठी. काकूंचं अक्षर. शेवटची ओळ कोरी.)

“किंमत?” काकू विचारतात.

“कुठली लिहू, ते तू सांग.”

“खरी.”

हे उठून चाकात हवा आहे का ते बघायला जातात. हवा असते. तरी पंप आणतात.