पाणी कुणाच्या शेतात सोडायचं?

नमस्कार, श्रोतेहो. कोयनेतून आज किती क्युसेक सोडले, अलमट्टीचे किती दरवाजे उघडले, ही चौकशी पावसाळ्यात कृष्णाकाठी चहाच्या टपरीवरही चालते. आज मात्र बोलायचंय ते अमेरिकेतल्या मिसिसिपीबद्दल. सरकार पुराचा खर्च उचलतं तेव्हा खरं काय ठरवत असतं, हे तिथं फार उघडपणे दिसतं.

या नदीकाठचे मातीचे बांध सुरुवातीला जमीनदारांनी आणि स्थानिक मंडळांनी कर गोळा करून घातले. एका काठानं बांध उंच केला की पाणी समोरच्या गावावर चढायचं. मग त्यांनीही चढाओढीनं भर घालायची. १८७९ साली केंद्रानं नदी आयोग नेमला. पण बांधांचं काम बघणाऱ्या लष्कराच्या अभियंत्यांचा हेका एकच: नदी बांधांत कोंडा, ती आपला तळ आपणच खरवडून खोल करील. बाजूनं पाणी काढून द्यायला वाटाच ठेवल्या नाहीत.

२१ एप्रिल १९२७ रोजी ग्रीनव्हिलजवळ माउंड्स लँडिंगला बांध फुटला. तिथं काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकानं वाळूची पोती रचायला लावलं होतं. त्या वर्षीच्या पुरानं सहा लाखांवर माणसं बेघर झाली. आठवडाभरानं न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी शहराच्या खालच्या अंगाला कार्नार्वन इथला बांध सुरुंग लावून उडवला. तिथल्या मासेमारांना, फासेपारध करून जगणाऱ्यांना भरपाईचा शब्द दिला होता. हातात फारच थोडं पडलं. नदीच्या वरच्या अंगाला बांध इतके फुटले, की सुरुंगाची गरजच नव्हती, हे मागाहून कळलं!

राष्ट्राध्यक्ष कूलिज पूरग्रस्त भागात फिरकलेही नाहीत. केंद्रानं एवढा खर्च करावा हे त्यांना पसंत नव्हतं. तरी १५ मे १९२८ रोजी त्यांना पूरनियंत्रण कायद्यावर सही करावी लागली. तरतूद ३२.५ कोटी डॉलरची. लोकांनी बांधांवर आधीच भरपूर पैसा ओतलाय, म्हणून मुख्य नदीवरच्या बांधांच्या खर्चात त्यांच्याकडून वाटा घ्यायचा नाही, असं ठरलं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की बांधांच्या जोडीला सांडवे आणि पूरमार्ग, म्हणजे पूर आला की पाणी सोडायला राखून ठेवलेल्या जमिनी, आले. न्यू ऑर्लिन्सच्या वरचा बोने कॅरे सांडवा १९३१ मध्ये पुरा झाला. त्याला ३५० गाळे, म्हणजे पाणी जायला ठेवलेल्या मोकळ्या जागा, आहेत. रुळांवरची क्रेन त्यांतले लाकडी वासे एकेक करून उपसते आणि अडीच लाख क्युसेकपर्यंत पाणी पाँचरट्रेन सरोवराकडे वळवता येतं. यंत्रणा जुनाट, पण अजून चालते.

त्याच कायद्याचं तिसरं कलम मात्र सांगतं, की पुरानं झालेल्या नुकसानीची कसलीही जबाबदारी सरकारवर नाही. बांध सरकारी, बुडालेलं घर ज्याचं त्याचं.

मिसूरीतल्या बर्ड्स पॉइंट पूरमार्गात पाणी सोडण्याचा हक्क सरकारनं जमीनमालकांकडून विकत घेऊन ठेवला होता. २ मे २०११ च्या रात्री जवळचं केरो शहर वाचवण्यासाठी तिथला बांध उडवला आणि सुमारे १ लाख ३० हजार एकर जमीन पाण्याखाली गेली. त्यात पिनहुक हे काळ्या शेतकऱ्यांचं छोटं गावही होतं. १९४० च्या दशकात त्यांच्या वाडवडिलांना दुसरीकडे कुणी जमीन विकत नव्हतं, म्हणून ते पूरमार्गात येऊन राहिले होते. मूळ मालकांना पाणी सोडू देण्याच्या हक्काचे पैसे पूर्वीच मिळाले होते. पिनहुकच्या लोकांना नवी घरं उभी राहायला कित्येक वर्षं खेटे घालावे लागले.