एस्पेरान्झाचे तीन दिवस

नमस्कार श्रोतेहो.

"पेशंटला एक्मोवर घेतलंय." कोरोनाच्या दिवसांत हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांच्या कानावर पडलं असेल. व्हेंटिलेटर आता घरोघरी माहीत झालाय. एक्मो म्हटलं की मात्र त्याच्याही पलीकडचं काहीतरी, एवढंच कळतं आणि नातेवाइकांचा जीव दडपतो. मी अतिदक्षता विभागात काम करणारी डॉक्टर. या यंत्राचा विषय निघाला की मला आधी एक बाळ आठवतं. तिचीच गोष्ट सांगते.

साल १९७५. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं ऑरेंज काउंटी. मेक्सिकोतून आलेली एक गरीब बाई तिथल्या रुग्णालयात बाळंत झाली. मुलगी झाली. पण बाळानं पोटातच शी केली होती, आणि ती श्वासावाटे फुप्फुसात गेली. बाळ निळं पडलं. व्हेंटिलेटर लावला, ऑक्सिजन वाढवला, तरी निळंच. आणि आई? आई बाळाला तिथंच सोडून निघून गेली. ही गोष्ट सांगितली की लोक त्या माउलीला बोल लावतात. मला ते पटत नाही. ओली बाळंतीण, परका मुलूख, परकी भाषा, समोर तडफडणारं लेकरू. आपण तिथं नव्हतो, आपण बोलू नये.

तिथं रॉबर्ट बार्टलेट नावाचे सर्जन होते. शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर ते प्रयोगशाळेत, जनावरांवर, कैक वर्षं काम करत होते. हृदयाच्या ऑपरेशनसाठी असं यंत्र १९५३ पासून होतं. फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी एका तरुण मुलीचं रक्ताभिसरण २६ मिनिटं त्यावर चालवलं होतं. २६ मिनिटं. या बाळाला दिवस हवे होते. जुन्या यंत्रांत रक्त आणि ऑक्सिजन थेट एकमेकांना भिडत, आणि काही तासांतच रक्त नासायला लागे. बार्टलेट यांच्या यंत्रात मध्ये पातळ पडदा होता. पडद्याच्या एका अंगाला रक्त, दुसऱ्या अंगाला ऑक्सिजन.

आता डोळ्यांसमोर आणा. जन्मलेल्या बाळाच्या अंगात रक्त असतं किती? पाव लिटरच्या आसपास. चहाचे दोन कप. त्यातलं थोडं थोडं बाहेर काढायचं, नळ्यांतून फिरवायचं आणि परत अंगात सोडायचं, एक क्षणही न थांबता. यंत्र जोडलं. एक दिवस गेला. दुसरा गेला. फुप्फुसांना कुणी काही करत नव्हतं, त्यांना फक्त विसावा मिळत होता. तीन दिवसांनी यंत्र काढलं, आणि ती पोर स्वतःच्या फुप्फुसांवर जगली. तोवर तिला नावसुद्धा नव्हतं. ते ठेवलं नर्सेसनी. एस्पेरान्झा. स्पॅनिशमध्ये एस्पेरान्झा म्हणजे आशा. आई नाही, आत्या नाही, पाळणा नाही. बारसं केलं ते नर्सेसनी. आपल्याकडे पेशंट घरी जाताना पेढे डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातात आणि रात्रभर नळीवर नजर ठेवणारी सिस्टर दारात उभी असते. एक्मोवरच्या पेशंटपाशी ती अक्षरशः हलत नाही. निदान तिचं नाव तरी विचारत जा हो.

तर एक्मो म्हणजे काय? मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेत जाड नळी घालून रक्त बाहेर घ्यायचं, पंपानं त्या पडद्यालगत फिरवायचं आणि परत शिरेत सोडायचं. मोठ्या माणसात मिनिटाला चार-पाच लिटर. कॉटशेजारी उभं राहिलं की दोन नळ्या दिसतात: जाणारीत जांभळासारखं काळसर रक्त, येणारीत डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. मी रोज बघते, तरी नजर तिथं थबकते.

पण नीट ऐका. एक्मो फुप्फुसं बरी करत नाही. बंधाऱ्याची डागडुजी करताना पाणी बाजूच्या चरानं वळवतात ना, तसं आहे हे. डागडुजी औषधांनी आणि शरीरानंच करायची. पुन्हा सांगते, एक्मो आजार बरा करत नाही, वेळ मिळवून देते.

आणि त्या वेळेची किंमत असते. नळ्यांत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं, मग रक्तस्राव होतो, कधी मेंदूतही. जंतुसंसर्ग होतो. रक्ताच्या पिशव्याही लागतात. म्हणून माझं आपलं एक मागणं असतं, वाढदिवसाला केक कापा, पण त्याआधी रक्तपेढीत जाऊन या.

मोठ्यांच्या बाबतीत हे यंत्र बरीच वर्षं मागे पडलं होतं. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात यंत्रावरचे आणि यंत्राविना असलेले, दोन्हीकडचे दहांतले नऊ रुग्ण दगावले होते. चित्र पालटलं २००९ मध्ये, स्वाइन फ्लूच्या वर्षी. पुणेकरांना तो ऑगस्ट आठवत असेल, शाळा बंद, तोंडाला रुमाल. तेव्हाच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये फ्लूच्या साथीतले ६८ अत्यवस्थ रुग्ण एक्मोवर होते. अहवाल लिहीपर्यंत त्यातले ४८ आयसीयूतून बाहेर आले होते, १४ दगावले होते. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या १८० रुग्णांच्या अभ्यासात, एक्मो केंद्राकडे पाठवलेल्यांपैकी ६३ टक्के सहा महिन्यांनी अपंगत्वाविना जिवंत होते. नेहमीच्या उपचारांत हेच प्रमाण ४७ टक्के होतं.

आता कामाचं. न्यूमोनिया बळावून तुमचं माणूस व्हेंटिलेटरवर गेलं, त्याला पालथं झोपवूनही ऑक्सिजन चढत नसेल, तर डॉक्टरांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच विचारा: एक्मोचा उपयोग होईल का? इथं सोय नसेल तर कुठे आहे? नेणार कसं? आठवडाभर जोराच्या व्हेंटिलेटरवर काढल्यावर फुप्फुसं इतकी शिणतात की यंत्राचा फायदा घटत जातो. आणि फुप्फुसं सुधारण्यासारखीच नसतील, किंवा आजारानं शरीर पार पोखरलं असेल, तर डॉक्टर नाही म्हणतील. खर्चाकडे बघून ते नाही म्हणतात असं लगेच धरू नका. कारण विचारा, आणि समजेपर्यंत पुन्हा विचारा.

नमस्कार.