पेजमेकर उघडायचंय, तेही लिनक्सवर

[सीडींच्या चवडीवरून कॅमेरा हळूहळू सरकतो]

पुण्यात नारायण पेठेतलं काकांचं हे डीटीपीचं दुकान, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं. एकेकाळी इथे पाच-सहा मशीन चालायची आणि दिवाळी अंकांच्या सीझनला प्रूफं घेऊन माणसं जिन्यावर बसलेली असायची. आता एकच कॉम्प्युटर उरलाय आणि त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, आहे. कारण साधं आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ह्या मशीनला विंडोज ११ घ्यायला तयार नव्हतं, चांगलं चालणारं मशीन भंगारात कोण घालेल.

ह्या सीडींवर मार्करने काय लिहिलंय बघा. दिवाळी २००३. दिवाळी २००४. एक कवितासंग्रह. आणि लग्नपत्रिका, त्यांचा तर ढीग आहे. सगळं पेजमेकर ह्या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेलं, आणि तेही युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत, नसलेल्या फॉन्टात, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले, काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. तो फॉन्ट नसला की संपादकीयाचं हे असं होतं.

[स्क्रीनवर रोमन अक्षरांचा गिचमिड मजकूर]

पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन ७, ते २००१ चं. त्याला पाहिजे विंडोज एक्सपी. आणि एक्सपीसाठी आता जुना डबा शोधत जुन्या बाजारात फिरायची गरज नाही, लिनक्सच्या पोटातच एक अख्खा खोटा कॉम्प्युटर उभा करता येतो, एक रुपया न देता.

आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जायचं. इंटेल असेल तर व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, एएमडी असेल तर एसव्हीएम मोड, हे बरेचदा कंपनीकडूनच बंद असतं, ते चालू करायचं. मग केव्हीएम, म्हणजे खोटा कॉम्प्युटर चालवायची लिनक्सची सोय, इथे चालेल का ते सांगणारी टर्मिनलमध्ये केव्हीएम-ओके म्हणून छोटी कमांड आहे, तिने होकार दिला की पुढे. खोटं मशीन उभं करणारं क्यूईएमयू, त्याचा कारभार बघणारं लिबव्हर्ट आणि ते सगळं खिडकीतून चालवायला व्हर्ट-मॅनेजर, तिन्ही उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून येतात, कुठल्या साईटवरून काही उतरवायचं नाही. स्वतःला लिबव्हर्टच्या ग्रुपमध्ये टाकायचं आणि एकदा लॉगआउट करून परत यायचं, नाहीतर व्हर्ट-मॅनेजर कनेक्टच होत नाही.

ह्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, व्हर्च्युअलबॉक्स, ते का नाही, हे सगळेच विचारतात. तेही ओपन सोर्सच आहे आणि वापरायला सोपं आहे, पण त्याच्या एक्स्टेन्शन पॅकचं, म्हणजे जोडीच्या जादा सोयींचं, लायसन्स वेगळं, धंद्यासाठी वापरायचं तर पैसे. शिवाय त्याचं मॉड्यूल कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरचं, कर्नल अपडेट झाला की ते परत बांधावं लागतं. केव्हीएम कर्नलमध्येच आहे. आमचं मत विचाराल तर विषय तिथेच संपतो.

[व्हर्ट-मॅनेजरची खिडकी, क्लोज-अप]

आता ही जागा नीट बघा. नवीन मशीन बनवताना तो विचारतो कुठली सिस्टीम टाकणार, आपण एक्सपी टाईप करतो आणि यादी रिकामी. खाली एक बारीक चौकट आहे, आयुष्य संपलेल्या सिस्टीमही दाखवा अशा अर्थाची, तिच्यावर टिक केली की एक्सपी हजर. एक जीबी रॅम दिली, एक्सपीला ती चिक्कार. डिस्क २० जीबीची, पण क्यूकाऊ-टू प्रकारची, म्हणजे सांगायला २० जीबी, प्रत्यक्षात आत जेवढं भराल तेवढीच फाईल फुगते. डिस्क आयडीई ह्या जुन्या जोडणीवर ठेवायची, कारण एक्सपीला साटा ह्या नव्या जोडणीचे ड्रायव्हर माहीतच नाहीत. आणि इन्स्टॉल सुरू करायच्या आधी ह्या खोट्या मशीनचं नेटवर्क कार्ड काढून टाकायचं. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सपोर्ट नाही, त्याला इंटरनेटवर सोडणं म्हणजे रात्रभर दुकानाचं शटर उघडं ठेवणं.

एक्सपीची सीडी मूळची, व्हॉल्यूम लायसन्सवाली म्हणजे इंटरनेटवरून अॅक्टिव्हेशन न मागणारी, काकांनी कव्हरसकट जपलेली. निळा पडदा, एफ-८ दाबून करार मान्य, आणि मग ते ओळखीचं वाक्य, अंदाजे ३९ मिनिटं लागतील. एवढी काही लागत नाहीत.

[इन्स्टॉलची हिरवी पट्टी, हीच फ्रेम राहू द्यावी]

तेवढ्यात हे क्यूईएमयू आणि केव्हीएम आलं कुठून ते सांगून टाकतो. फाब्रिस बेलार्ड नावाचा फ्रेंच प्रोग्रामर, एफएफएमपेग हे व्हिडिओचं सॉफ्टवेअर सुरू करणारा तोच, त्याने २००३ मध्ये क्यूईएमयू बाहेर काढलं. ते एका प्रोसेसरचं सोंग दुसऱ्यावर वठवायचं, पण सगळं सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून हळू. आणि एक्स८६, म्हणजे आपल्या इंटेल-एएमडीचा प्रोसेसर, मुळात असल्या कामासाठी घडवलेलाच नव्हता. २००५ च्या शेवटी इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने चिपमध्येच सोय दिली. मग इस्रायलमधल्या कुम्रानेट कंपनीत अवी किविटी याने केव्हीएम लिहिलं, २००६ च्या ऑक्टोबरमध्ये कर्नलवाल्यांपुढे ठेवलं आणि फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० कर्नलमध्ये ते आलंसुद्धा, इतकं भरभर सहसा काही आत जात नाही. त्याची युक्ती अशी की लिनक्सकडे मेमरी सांभाळणारा, प्रोसेसरची पाळी लावणारा माणूस आधीच बसलाय, मग वेगळा कशाला आणायचा, व्हर्च्युअल मशीन म्हणजे लिनक्ससाठी नुसती आणखी एक प्रोसेस. २००८ मध्ये रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली, कोड मात्र सगळ्यांचाच राहिला. आज मोठमोठ्या क्लाउडच्या खाली जे धावतं तेच ह्या माळ्यावरच्या दुकानात धावतंय.

झालं बघा. एक्सपीची ती हिरवी टेकडी, निळं आकाश.

[काका चष्मा वर करून स्क्रीनकडे बघतात, इथे निवेदन नाही]

पहिलं काम स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची आहे त्या अवस्थेची नोंद, काही बिघडलं तर एका क्लिकवर परत इथे. जुन्या सीडींच्या आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एकेक फाईल, लिनक्सवर बनवल्या, चरे पडलेल्यांना डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं टूल लावलं, आणि त्या एक्सपीला सीडी म्हणूनच जोडल्या. पेजमेकर टाकलं, २००३ ची फाईल उघडली तर फॉन्ट सापडत नाहीत म्हणून त्याने बदलीच्या फॉन्टांची यादी पुढे केली. ती रद्द करून फॉन्ट कंट्रोल पॅनेलमध्ये टाकले, परत उघडलं. मुखपृष्ठ. अनुक्रमणिका. पान १२ वर जाहिरात, साडीच्या दुकानाची, सहा आकडी फोन नंबर.

बाहेर काढायचा रस्ता असा, पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे प्रिंटरला समजणारी, फाईल प्रिंट करायची, पेनड्राइव्ह व्हर्ट-मॅनेजरमधून एक्सपीला जोडून त्यावर घ्यायची, आणि लिनक्सवर तिची पीडीएफ करणारी पीएसटूपीडीएफ कमांड चालवायची. पानं हुबेहूब येतात. त्यातला मजकूर कॉपी केला तर अजून गिचमिडच येते, युनिकोडचं काम कन्व्हर्टर आणि प्रूफरीडर मिळून पुढे करतील.

एक्सपीची अख्खी डिस्क ही एकच फाईल आहे. तिची एक कॉपी एक्सटर्नल डिस्कवर घेतली, दुसरी भाच्याच्या लॅपटॉपवर. दिवाळी २००४ ची सीडी ड्राइव्हमध्ये गेली.